बटरचा हिशोब रात्री लागतो
'तेला-तुपात कर्बोदकं (पिष्ट-साखर) नसतात, मग इन्सुलिनच्या हिशोबात ते कशाला धरायचं?' असं कोणीतरी विचारलंय. पहिलं वाक्य बरोबर, दुसऱ्यावर आम्ही चांगलेच आपटलोय. मुलगा १५ वर्षांचा, टाइप १ मधुमेह, म्हणजे इन्सुलिन बाहेरूनच घ्यावं लागतं. दादरला क्लास सुटल्यावर मित्रांबरोबर पावभाजी, वर बटरचा गोळा वितळतोय. पावातली कर्बोदकं मोजून इन्सुलिन घेतलं. दोन तासांनी रक्तातली साखर १३०, मी खूश. रात्री दीडला अंगावरचा साखर मोजणारा सेन्सर बोंबलला, २८०!

चरबीमुळे जठर सावकाश रिकामं होतं, त्यामुळे पावाची साखर रक्तात उशिरा उतरते. झटपट इन्सुलिनचा जोर तोवर ओसरलेला असतो (कधी उलट, सुरुवातीलाच साखर खाली जाते, तेही बघा). शिवाय चरबी पचून रक्तात आलेली मेदाम्लं इन्सुलिनला नीट काम करू देत नाहीत. या वयात वाढीचं संप्रेरकही तेच करतं, म्हणजे दुष्काळात तेरावा. आता इन्सुलिन पंप (थोडं थोडं इन्सुलिन सोडणारं यंत्र) लावलेल्या मुलांसारखा डोस विभागायचा की कसं, ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आमचा आकडा तुमच्या मुलाला चालणार नाही. पावभाजी बंद केलेली नाही. फक्त त्या रात्री एकचा गजर लावते.