उज्जाचा हेतू वाईट नव्हता

ताई, तुम्ही लिहिलंत की मन शुद्ध असेल तर देव पद्धत बघत नाही. वाचताना मला बायबलमधला उज्जा आठवला. दावीद राजा देवाचा कोश, म्हणजे कराराची पवित्र पेटी, बैलगाडीवरून आणत होता. बैल अडखळले, कोश पडेल म्हणून उज्जाने हात पुढे केला आणि तो तिथेच मेला (२ शमुवेल ६). लहानपणी ही गोष्ट ऐकून मला फार वाईट वाटायचं. दावीदालाही ते सोसवलं नव्हतं.

पण चूक त्या क्षणाच्या कितीतरी आधी झाली होती. कोश कहाथी लेव्यांनी (देवाच्या सेवेसाठी नेमलेल्या लेवी वंशातलं एक घराणं) वाहायचा, पवित्र वस्तूंना हात लावायचा नाही, हे गणना ४ मध्ये स्पष्ट आहे. गणना ७ मध्ये तर इतर लेव्यांना गाड्या मिळतात, कहाथींना मुद्दाम दिल्या जात नाहीत, कारण त्यांचं ओझं खांद्यावरचं. कोशासाठी नवी गाडी वापरली होती ती पलिष्ट्यांनी, इस्राएलच्या शत्रूंनी! दावीदाने तेच केलं. दावीदाकडे ३० हजार माणसं होती, वाद्यं होती, उत्साह होता; देवाला विचारायचं तेवढं राहिलं. पुढे त्याने ते कबूल केलं आणि कोश लेव्यांच्या खांद्यावरून आणला (१ इतिहास १५).

माझंच सांगते. सख्ख्या भावाशी दोन वर्षं अबोला धरून मी संडे स्कूल शिकवत होते, अगदी मनापासून. सेवा चालू आहे ना, असं वाटायचं. मग एका रविवारी मत्तय ५:२४ मुलांकडून पाठ करून घेतलं: आधी भावाशी समेट, मग अर्पण. त्या रात्री त्याला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला त्याने.