काटकुळ्या नवऱ्याला ‘गोर्दो’ का म्हणतात?

प्रश्न: मी गेल्या वर्षापासून स्पॅनिश शिकते आहे. आमच्या शिक्षिका ब्वेनोस आइरेसच्या आहेत. ऑनलाइन तास चालू असताना त्या आपल्या चांगल्या काटकुळ्या नवऱ्याला ‘गोर्दो’, म्हणजे ‘जाड्या’, अशी हाक मारतात आणि तोही आतल्या खोलीतून ओ देतो. ही थट्टा आहे की लाड? आणि शिकणाऱ्याने असे शब्द वापरावेत का?

प्रतिसाद १: हा निखळ लाड आहे. अर्जेंटिनात गोर्दो, फ्लाको (हडकुळा), नेग्रो (काळा) हे शब्द घरात आणि मित्रमंडळींत अंगकाठी किंवा रंग सांगण्यासाठी नव्हे, तर जवळीक दाखवण्यासाठी येतात. थोर गायिका मेर्सेदेस सोसा (१९३५–२००९) यांना तर सारा देश प्रेमाने ‘ला नेग्रा’ म्हणत असे. मात्र हेच ‘नेग्रो’ तिथे हिणवण्यासाठीही वापरले जाते, त्यामुळे नवख्याने त्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद २: देश बदलला की अर्थही बदलतो, हे ध्यानात ठेवा. ‘मि ब्येहा’ म्हणजे शब्दशः ‘माझी म्हातारी’. पण अर्जेंटिनातला माणूस तसे म्हणाला तर तो आईबद्दल बोलतो आहे, आणि मेक्सिकोतला म्हणाला तर बहुधा बायकोबद्दल. यात गल्लत झाली तर काय होईल, हे सांगायला नकोच! ‘ग्वाग्वा’ हा केच्वा भाषेतून आलेला शब्द चिलीमध्ये तान्ह्या बाळासाठी आहे, तर क्यूबात ‘ग्वाग्वा’ म्हणजे बस.

प्रतिसाद ३: कॅरिबियन भागात आणि कोलंबियात आई आपल्या चिमुकल्या मुलाला ‘पापि’ आणि मुलीला ‘मामि’ म्हणते, याचे अनेकांना नवल वाटते. पण मुलगा घास घेईना की आपणही ‘जेव रे माझ्या बाबा’ म्हणतोच, आणि हट्टी लेकीपुढे ‘पुरे गं माझे आई’ म्हणून हात जोडतोच. बोगोतात याहून गंमत आहे: तिथे ‘उस्तेद’ हे आदरार्थी ‘तुम्ही’ पतिपत्नी एकमेकांना आणि आईवडील मुलांनाही सहज वापरतात. आपले ‘अहो’ मात्र बहुतेक घरांत एकाच दिशेने जाते.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. मी स्वतः असे काही बोलणार नाही. पण कालच्या तासाला बाईंनी मला ‘फ्लाका’ म्हटले, आणि माझा बांधा पाहता ते वर्णन नव्हते, हे आता कळले.