हे-ऑन-वाय: आईबाबांना घेऊन जायचंय

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये आईबाबा येताहेत. भिलारला, आपल्या पुस्तकांच्या गावी, जाऊन आल्यापासून बाबांनी ‘ज्या गावावरून हे सुचलं ते बघायचंय’ असा ध्यास घेतलाय. म्हणजे वेल्समधलं हे-ऑन-वाय, जुन्या पुस्तकांच्या दुकानांचं गाव. लंडनहून सकाळी निघून रात्री परतता येईल का? आणि आईला पुस्तकांची फारशी ओढ नाही. तिने दिवसभर काय करायचं?

---

अगं, एका दिवसात नको. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून हेरफर्डपर्यंतच रेल्वेने तीन तास जातात, पुढे टी-१४ बस. गावात रेल्वे होती, ती १९६२ला बंद झाली. एक रात्र राहाच. मात्र मेअखेरचा साहित्य महोत्सव संपू दे, त्या दिवसांत खोल्या मिळणं फार कठीण.

आणि गुरुवारी जा. त्या दिवशी बाजार असतो. सगळे पुस्तकांचं गाव म्हणून येतात नि विसरतात, की हे मुळात आसपासच्या शेतकऱ्यांचं बाजाराचं गाव आहे. माझ्या सासूबाई सातारा जिल्ह्यातल्या. किल्ल्याखालच्या चौकात भाज्यांच्या जुड्या, पाव, चीज मांडलेलं बघून म्हणाल्या, ‘हा तर आपला आठवडी बाजार!’ दोन तास तिथून हलल्या नाहीत. इंग्रजी बेताचंच, पण रोपं विकणाऱ्या बाईंशी त्यांचं छान जमलं.

बाबांना किल्ल्याच्या भिंतीलगतची उघडी फळ्यांची मांडणी नक्की दाखव. पुस्तक उचलायचं, पैसे पेटीत टाकायचे, राखणीला कुणी नाही. रिचर्ड बूथ यांनी १९६०च्या दशकात जुन्या अग्निशमन केंद्रात जुन्या पुस्तकांचं दुकान काढलं, अमेरिकेतल्या बंद पडलेल्या ग्रंथालयांतली पुस्तकं इथे आणली. १ एप्रिल १९७७ला त्यांनी गाव स्वतंत्र राज्य नि स्वतःला राजा जाहीर केलं. लोक याला चेष्टा म्हणतात. मला त्यात आडगाव जगवायची धडपड दिसते.

वेल्स नि इंग्लंडची सरहद्द म्हणजे इथे एक ओढा. पलीकडचं कसप गाव इंग्लंडात, चालत जाता येतं. गाडीने गेलात तर वेल्सच्या बाजूला रस्त्यावर ‘अराफ’ लिहिलेलं दिसेल, म्हणजे वेल्श भाषेत सावकाश. वेल्समध्ये २०२३पासून वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी २० मैलांची मर्यादा आहे.

कार्डिफहून, मावशी

---

मावशी, खूप आभार! गुरुवार नक्की केला, मुक्कामही. आईला फोनवर सांगितलं तर तिचा पहिलाच प्रश्न, ‘तिकडं गुरं कशी असतात?’

---

तिला सांग, हेरफर्डच्या गुरांची जात जगभर गेलीय. अंग तांबडं, तोंड पांढरं. बसमध्ये तिला खिडकीशी बसव, वाटेत कुरणं आहेत. आणि परतीच्या बसची वेळ आधीच बघून ठेव, बसेस थोड्याच असतात.