ऑनलाइन अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कामात पूर्णवेळ उतरायचं तर सुरुवात कुठून?

निळीशाई
एलएल.बी.चं शेवटचं वर्ष आहे. पोस्ट हटवणं, संकेतस्थळं ब्लॉक करणं, इंटरनेटबंदी, पोस्टवरून दाखल होणारे गुन्हे या विषयात पूर्णवेळ काम करायचं आहे. श्रेया सिंघल खटल्याचा निकाल (ऑनलाइन 'आक्षेपार्ह' मजकुराला शिक्षा देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द करणारा) वाचला आहे, पण या क्षेत्रातला माणूस रोज नेमकं काय करतो ते कळत नाही. तालुक्याच्या गावातून हे जमेल का? आधी काय शिकू?

आडवाट
रोजचं काम एका वाक्यात सांगायचं तर आदेशाची प्रत मिळवणं. भाषणं, परिसंवाद नंतर. आदेश हातात नसेल तर आव्हान कशाला देणार?

मजकूर दिसेनासा झाला की आधी तो कोणत्या दाराने गेला ते शोधायचं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली, म्हणजे केंद्र सरकारच्या आदेशाने, ब्लॉक झाला असेल तर ब्लॉकिंगचे २००९चे नियम लागतात. त्यात नियम ८ प्रमाणे उत्तर द्यायला किमान ४८ तास द्यावे लागतात. तातडीच्या नियम ९ खाली मात्र आधी ब्लॉक, मग ४८ तासांत ब्लॉकिंगच्या विनंत्या तपासणाऱ्या समितीपुढे. कलम ७९(३)(ब) खाली (मजकूर काढला नाही तर कंपनीचं कायदेशीर संरक्षण जातं, ते कलम) सरकारने कंपनीला कळवलं असेल तर तो रस्ता वेगळा. आणि कंपनीने स्वतःच्या नियमांनुसार काढला असेल तर आधी तिच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जायचं, तिथे न्याय नाही मिळाला तर निर्णय हातात आल्यापासून ३० दिवसांत सरकारने नेमलेल्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील. ही मुदत लोक सर्रास चुकवतात. कंपनीकडून आलेला मूळ ईमेल जपून ठेवायला सांगा. 'कायदेशीर मागणीवरून' एवढे दोन शब्दही दार ओळखायला पुरतात.

निकाल लागला म्हणजे काम संपलं असं समजू नका. २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली आणि ६६अ देशभर गाजलं. २४ मार्च २०१५ला सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं. तरी पोलीस ठाण्यांत त्याखाली गुन्हे नोंदवले जातच राहिले. शेवटी १२ ऑक्टोबर २०२२ला न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की या कलमाखाली कुणावरही खटला चालवता येणार नाही. मधली सात वर्षं कुणीतरी एकेक एफआयआर गोळा करत होतं. तालुक्याच्या न्यायालयात बसणाऱ्या वकिलाला ते दिल्लीवाल्यांपेक्षा चांगलं जमतं.

कोर्टफी_स्टॅम्प
आदेशाची प्रत मिळवायचं एक साधन म्हणजे माहिती अधिकार, त्याबद्दल. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयात अर्ज १५० शब्दांच्या आतला आणि एकाच विषयाचा लागतो, शुल्क १० रुपये. केंद्राकडे मर्यादा ५०० शब्दांची. उत्तराची मुदत ३० दिवस, पहिलं अपील पुढच्या ३० दिवसांत, दुसरं ९० दिवसांत. राज्यात अपिलाला २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प विसरू नका.

केंद्राकडे 'ब्लॉकिंगचा आदेश द्या' असं मागितलं तर माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(अ) (देशाच्या सुरक्षेचा अपवाद) आणि २००९च्या नियमांतला गोपनीयतेचा नियम १६ पुढे करून नकार येतो. म्हणून आदेशाऐवजी त्याच्याभोवतीची नोंद मागा. ब्लॉकिंगचे आदेश तपासणाऱ्या आढावा समितीने दोन महिन्यांतून एकदा तरी बसायला हवं. तेव्हा अमुक वर्षात बैठका किती, तारखा कोणत्या, किती आदेश रद्द केले, असं विचारा. आकडा नाकारणं मजकूर नाकारण्याइतकं सोपं नसतं. 'का' ने सुरू होणारा प्रश्न टाळा. माहिती अधिकारी कारणमीमांसा द्यायला बांधील नाही, आणि तेवढ्यावर अख्खा अर्ज परत येतो.

इंटरनेटबंदीचं वेगळं आहे. काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीवरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १० जानेवारी २०२०च्या अनुराधा भसीन निकालानंतर आदेश प्रसिद्ध करणं बंधनकारक आहे. दूरसंचार सेवा तात्पुरत्या बंद करण्याच्या २०२४च्या नियमांप्रमाणे एका आदेशाची कमाल मुदत १५ दिवस, आणि आढावा समितीने ५ दिवसांत तपासायचं. त्यामुळे कोल्हापुरात जून २०२३ मध्ये झाली तशी बंदी आली, की त्याच आठवड्यात राज्याच्या गृह विभागाकडे आदेश आणि समितीचं इतिवृत्त दोन वेगळ्या अर्जांनी मागा. एकाच अर्जात दोन्ही घातलंत तर 'एक विषय' या अटीवर अडकाल.

केबलजोड
संकेतस्थळ ब्लॉक आहे असं म्हणण्याआधी मोजा. ऊनी प्रोब (OONI Probe) हे ब्लॉकिंग तपासणारं मोफत ॲप घ्या आणि किमान तीन कंपन्यांच्या जोडण्यांवर तीच चाचणी घ्या: एक मोबाइल, एक घरची फायबर, एक तिसरी. वेळ, कंपनी, गाव लिहून ठेवा. भारतात सगळ्या कंपन्या एकाच यादीने किंवा एकाच पद्धतीने ब्लॉक करत नाहीत. कुठे डीएनएसचं (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेचं) उत्तर बदलतात, कुठे सुरक्षित जोडणीच्या सुरुवातीला दिसणारं संकेतस्थळाचं नाव पाहून तोडतात. एका फोनवर बंद, दुसऱ्यावर चालू असं दिसलं तर ती चाचणीतली चूक समजू नका, तोच पुरावा आहे. उलट सगळीकडे बंद असेल आणि परदेशातूनही उघडत नसेल, तर बहुधा सर्व्हरच पडलेला असतो किंवा संकेतस्थळाच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपलेली असते. सेन्सॉरशिपची खोटी हाक एकदा दिली की पुढची खरी हाक कुणी ऐकत नाही. चाचणीच्या वेळी व्हीपीएन (तुमची जोडणी दुसरीकडून वळवणारी सेवा) बंद ठेवा.

निळीशाई
खूप आभार. पोस्टवरून पोलिसांची नोटीस आली तर पहिल्या दिवशी काय करायचं? आणि पोट कशावर भरायचं?

आडवाट
नोटीस कोणत्या कलमाखाली आहे ते आधी वाचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचं) कलम ३५(३) असेल तर ती आरोपी म्हणून, १७९ असेल तर साक्षीदार म्हणून. ३५ची नोटीस व्हॉट्सॲपवर बजावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं आहे. तरी ती दुर्लक्षू नका, लेखी उत्तर द्या. भाषण-लेखनाच्या बहुतेक कलमांना तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तिथे याच संहितेच्या १७३(३) खाली गुन्हा नोंदवण्यापूर्वी १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते. खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या पोस्टवरच्या खटल्याच्या निकालात (२८ मार्च २०२५) सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकरणांत ती करावी यावर भर दिला. शब्दांचा परिणाम खंबीर, विवेकी माणसाच्या मापाने मोजायचा ही त्यातली कसोटी मूळची नागपूर उच्च न्यायालयातल्या न्या. विवियन बोस यांची. तो निकाल, ए.आय.आर. (निकालांचा संग्रह) १९४७ नागपूर १, जरूर वाचा.

अशिलाला घाबरून पोस्ट डिलीट करू देऊ नका. पुरावा नष्ट केल्याचा आरोप ओढवतो आणि बचावाचा संदर्भही जातो. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. पूर्ण दुवा, वेळ, आधीच्या-नंतरच्या प्रतिक्रिया घ्या, फाइलचा हॅश (फाइल बदलली नाही हे दाखवणारा सांकेतिक आकडा) काढा आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र भाग अ आणि भाग ब दोन्हींसह तयार ठेवा. भाग ब तज्ज्ञाने भरायचा असतो. तो राहून जातो.

पोटापाण्याचं: इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन, एसएफएलसी या डिजिटल हक्कांवरच्या संस्थांचं काम दिल्लीतून चालतं. पूर्णवेळ पगारी नोकरी घेतलीत तर बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे वकिली थांबवावी लागते, हे सही करण्याआधी ध्यानात घ्या. पहिली दोन वर्षं सनद घेऊन जिल्हा न्यायालयात जामिनाची आणि उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करून घेण्याची कामं शिका. खुल्या वर्गासाठी नावनोंदणीचं शुल्क ७५० रुपयांवर नेता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २०२४चा निकाल आहे. कुणी जास्त मागितलं तर पावती मागा.