मदत हवी आहे : 'ब्लोपाइप'ला मराठी शब्द, आणि चांदकुड्याची माहिती

नमस्कार मंडळी,

आमच्या हस्तलिखित अंकासाठी बोर्निओतल्या सुंपितवर, म्हणजे तिथल्या ब्लोपाइपवर, लिहायला घेतलंय आणि पहिल्याच ओळीत अडकलेय. फुंकून बाण मारायच्या नळीला मी 'फुंकणी' लिहिलं, तर सासूबाईंनी विचारलं, "चुलीपुढे बसून शिकार करतात का गं?" 'फुंकनळी' त्यातल्या त्यात बरं वाटतं. कुणाच्या बोलीत तयार शब्द आहे का?

वस्तू मात्र आपल्या फुंकणीइतकी साधी नाही. बोर्निओतले दायाक आदिवासी लोखंडासारख्या टणक लाकडाचा लांब दांडा उभा बांधायचे आणि माचावर उभं राहून लोखंडी सळईने वरून खाली भोक पाडत जायचे. भुसा निघावा म्हणून सोबतचा माणूस पाणी ओतायचा. नळी साधारण दोन मीटरची. टोकाला वेताने भाल्याचं पातं आवळलेलं. पात्याच्या वजनाने नळी झुकणार, म्हणून भोकालाच आधी किंचित बाक द्यायचा, पातं चढलं की सरळ! इथे मी वाचन थांबवून चहा केला.

जवळ आलेल्या शत्रूला भोसकायची सोय असल्यामुळेच ती लढाईतही चालली असावी, असं आपलं मला वाटतं. अमेरिकेतल्या चेरोकी आदिवासींची नळी नदीकाठच्या बांबूची, बाण बिनविषारी, खारी-पक्ष्यांपुरतं काम. मेक्सिकोतल्या अझ्टेकांचा राजा मोक्तेसुमा याने स्पॅनिश सेनानी कोर्तेसला भेट दिलेल्या रंगीत नळ्याही पक्षी टिपायच्याच.

आता खरा प्रश्न. सुंपितच्या बाणाला इपोह झाडाचा चीक लावतात, त्याने हृदय बंद पडतं. (अ‍ॅमेझॉनच्या जंगलातलं कुरारे हे बाणाचं विष वेगळं. ते स्नायू लुळे करून श्वास थांबवतं, आणि १९४२ साली माँट्रियलच्या डॉक्टरांनी तेच भूल देताना वापरलं.) इपोह म्हणजे अँटिआरिस टॉक्सिकारिया, म्हणजेच आपल्या सह्याद्रीतला चांदकुडा! आपल्याकडे त्याच्या सालीची पोती करायचे, एवढंच सापडलं.

कोकण-गोव्याकडच्या कुणी घरातल्या म्हाताऱ्यांकडून हा चीक बाणाला लावल्याचं ऐकलंय का? झाडाचं तिकडचं नाव आणि तालुका कळवा. विकिपीडिया वाचून झालाय, ऐकीव आठवण हवी. आणि कृपा करून खात्री करायला चीक काढून बघू नका.

अंक १५ तारखेला बांधायचाय.