केळीच्या खोक्यावरचा लोगो चित्रात आला तर परवानगी घ्यायची का?

कुंचला, जळगाव
माझ्या मते नाही. रावेरला केळीची गाडी भरताना रंगवायची, तर खोक्यांवरचे आणि टपरीच्या पाटीवरचे लोगो चित्रात येणारच. ते पुसायला लावणं म्हणजे आजचा बाजार रंगवू नका म्हणणं. माल कुणाचा हे गिऱ्हाइकाला कळावं म्हणून ट्रेडमार्क असतो. कॅनव्हास बघून तो खोकेवाल्या कंपनीचा माल आहे असं कुणाला वाटेल? टाटांच्या चिन्हाचा वापर करून त्यांच्यावर टीका करणाऱ्या ग्रीनपीस या पर्यावरणवादी संस्थेच्या गेमला दिल्ली उच्च न्यायालयानं २०११ मध्ये अंतरिम मनाई दिली नव्हती.

वकील, धुळे
भाऊ, कॅनव्हासपुरतं मान्य. पण तो निकाल टीकेचा आहे, दुकानात विकायच्या मालाचा नाही. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात ‘कलाकृती’ म्हणून सरसकट सूट देणारं कलमच नाही. उलट कलम २९(४) नुसार मार्क नोंदलेला आणि नावाजलेला असेल, तर गिऱ्हाइकाची गल्लत झाली नाही तरी नावाचा गैरफायदा घेतल्याबद्दल दावा होतो. शिवाय लोगो ही कॉपीराइटखालची चित्रकृतीही असते, म्हणजे दावा दोन कायद्यांखाली येऊ शकतो. प्रसिद्ध शीतपेयाच्या वळणदार पांढऱ्या अक्षरांत, लाल पट्ट्यावर ‘कळण्याची भाकरी’ लिहिलेला टी-शर्ट घ्या. शब्द आपले, पण खपतोय तो त्या वळणावर.

कुंचला, जळगाव
मग विडंबन करायचंच नाही का? कलम ३० मध्ये प्रामाणिक वापराला जागा आहे.

वकील, धुळे
आहे, पण ती न्यायालयात मांडायची बाजू आहे. तोवर माल अडकतो. अमेरिकेत कलेला बरीच मोकळीक, तरी २०२३ मध्ये व्हिस्कीच्या बाटलीसारख्या कुत्र्याच्या खेळण्याला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं कलेची खास सवलत लागू केली नाही, कारण ती नक्कल उत्पादकानं स्वतःच्या मालाची ओळख म्हणून वापरली होती.

स्क्रीनप्रिंट, भुसावळ
वकीलसाहेब बरोबर बोलताहेत, आणि छापणारासुद्धा अडकतो. कोर्टानं माल तपासायला नेमलेला माणूस, म्हणजे कोर्ट कमिशनर, आला की शर्टांबरोबर स्क्रीनही सील होतात. ऑर्डर घेण्याआधी ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट शोध घ्या: कपड्यांसाठी वर्ग २५, छापील कागदासाठी १६. वर्ग रिकामा दिसला तरी नावाजलेल्या मार्कचा धोका राहतोच. परवानगी लेखी घ्या. त्यात नग, माध्यम आणि मुदत हवी. फोनवरचं ‘चालेल’ कामाचं नाही.

वकील, धुळे
नोटीस आलीच तर आधी विक्री थांबवा, शिल्लक माल मोजून ठेवा आणि मुदतीत उत्तर द्या. एकतर्फी मनाईची भीती असेल तर कॅव्हेट लावा, म्हणजे ‘आमचं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका’ असा अर्ज कोर्टात आधीच देऊन ठेवा. ते ९० दिवस चालतं. मात्र कंपनी मुंबईत दावा लावणार असेल तर जळगावात लावलेलं कॅव्हेट उपयोगाचं नाही.

कुंचला, जळगाव
टी-शर्टाचं पटलं. पण खोक्यावरचा लोगो चित्रात राहणार. तोच मोठा करून प्रदर्शनाच्या पोस्टरवर घ्यायचा नाही, एवढं मान्य.