'स्लिपजॉइंट'ला मराठीत काय म्हणावे? खटका, कमान की नुसता खिळा?

कातरवेळ :
खिशात ठेवायच्या जुन्या घाटाच्या चाकूंवर मराठीत एक माहितीपर लेख होतो आहे. तीन शब्दांपाशी घोडे पेंड खाते. मसुद्यात 'स्लिपजॉइंट'ला (घडीच्या चाकूचा एक प्रकार) 'खटक्याचा चाकू', 'पेननाइफ'ला 'कलमतराश' आणि 'स्लिम'ला 'सडपातळ' असे लिहिले आहे. तिन्ही शब्द खटकतात (कोटी नाही). शिवाय 'बोलस्टर' (मुठीच्या टोकाशी बसवलेला धातूचा तुकडा), 'लायनर' (मुठीच्या पट्टीखालचा धातूचा पत्रा) आणि 'पॅटिना' (वापराने पोलादावर चढणारा काळा थर) यांना कारागिरांच्या तोंडचे शब्द असतील तर हवेत. कोशासाठी पाडलेले नकोत.

अडकित्ता :
'खटका' पहिला काढा. जे अडवते आणि दाबल्यावर सोडते तो खटका. बंदुकीचा खटका, उंदराच्या पिंजऱ्याचा खटका. रामपुरीला खटकेदार म्हणतात ते याचसाठी, उघडलेले पाते खटका दाबल्याशिवाय मिटत नाही. स्लिपजॉइंटमध्ये अडवणारे काहीच नसते.

तिथे काय असते ते पाहा. मुठीच्या पाठीशी पोलादाची एक लांब कमान बसवलेली असते. पात्याचे बूड खिळ्याभोवती फिरते आणि त्या बुडाला दोन सपाट बाजू काढलेल्या असतात, एक उघडल्यावर कमानीखाली येणारी, एक मिटल्यावर. कमान सपाट बाजूवर टेकली की पाते थांबते. पाते फिरवू लागलात की बुडाचा कोपरा कमानीला उचलतो, आणि कोपरा ओलांडला की कमान खाली बसून टक् असा आवाज येतो. काही चाकूंत मध्ये तिसरी सपाट बाजू असते, म्हणून पाते अर्ध्या वाटेत काटकोनात एकदा थांबते. पण यातले काहीही कुलूप नव्हे. उघड्या पात्याच्या पाठीवर जोर दिला की ते मिटणारच, आणि टोक खुपसायला गेलात तर आपल्याच बोटांवर मिटेल.

म्हणून 'कमानीचा चाकू'. घड्याळाची कमान सगळ्यांना ठाऊक आहे, वेगळे शिकवावे लागत नाही.

पोटभेद :
कमान पटली. पण मग सगळ्या घडीच्या चाकूंचे तीन गट पाडावे लागतील, आणि ते लेखात पहिल्याच परिच्छेदात यावेत.

नुसत्या खिळ्याचे : कमान नाही, खटका नाही, पाते घर्षणावर उभे. जपानमधल्या मिकी गावचा हिगोनोकामी हा नमुना. पितळेचा किंवा लोखंडाचा पत्रा दुमडून केलेली चपटी मूठ, आणि पात्याच्या बुडाला बाहेर आलेली एक शेपटी. कापताना अंगठा त्या शेपटीवर दाबून ठेवायचा, तोच त्याचा खटका. फ्रान्सच्या साव्हुआ भागातला ओपिनेल १८९०मध्ये सुरू झाला तोही असाच होता. त्याच्या गळ्यातले फिरते कडे १९५५ साली आले.

कमानीचे : बहुतेक स्विस चाकू, इंग्लंडमधल्या शेफील्डचे जुने चाकू.

खटक्याचे : रामपुरी आणि त्याची भावंडे. कडे फिरवून पाते अडवणारा आजचा ओपिनेल 'कड्याचा' म्हणावा, खटक्याचा नको, कारण कडे हाताने फिरवावे लागते, ते आपोआप अडकत नाही.

एक चाकू या वाटणीत नीट बसत नाही, तो म्हणजे फ्रान्सचाच लायोल. (लिहितात 'लागुइओल' असे वाचता येईल ते, पण गावचे लोक म्हणतात लायोल. लेखात उच्चारच द्या.) त्याच्या कमानीच्या टोकाला एक उंचवटा असतो आणि पात्याच्या बुडाला खाच. त्यामुळे तो कमानीच्या चाकूपेक्षा घट्ट उभा राहतो, तरी जोर दिला की मिटतो. त्याला 'खाचेची कमान' म्हणता येईल. पाते सोडून टक्कन मिटवू नये असे त्याबाबत सांगतात त्याला कारण आहे. काही लायोलमध्ये धार थेट कमानीच्या आतल्या अंगावर आपटते आणि मधोमध दातरा पडतो.

कातरवेळ :
खटका आणि कमान यांत गफलत झाली तर नुसती भाषेची चूक की आणखी काही?

पोटभेद :
आणखी काही. ब्रिटनमध्ये १९८८च्या क्रिमिनल जस्टिस अॅक्टचे कलम १३९ आहे. घडीचा खिशातला चाकू आणि धार ३ इंचांपर्यंत (७.६२ सेंमी) असेल तर तो सार्वजनिक जागी जवळ ठेवायला कारण द्यावे लागत नाही. पुढे तिथल्या न्यायालयाने 'घडीचा' या शब्दाचाच अर्थ लावला. केव्हाही, नुसत्या घडी घालण्याच्या क्रियेने मिटतो तो घडीचा. उघडल्यावर अडकणारा चाकू या सवलतीत येत नाही, मग धार दोनच इंच का असेना. लंडनच्या मराठी वाचकाने तुमच्या लेखातला 'खटक्याचा चाकू' वाचून तसाच घेऊन खिशात ठेवला तर पंचाईत होईल. खुलासा : ही सवलत बचावासाठी शस्त्र म्हणून जवळ ठेवण्याला नाही.

आपल्याकडे शस्त्र नियमांत पाते ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद अशी मर्यादा आहे, घरगुती आणि शेतीची हत्यारे वगळून. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७खाली मनाई आदेश लागू असला की त्यात चाकू-सुरेही येतात, तेव्हा ही इंचांची मोजणी कामाला येत नाही.

अडकित्ता :
याच संदर्भात एक क्रियापद जपून वापरा, 'बाळगणे'. 'चाकू बाळगला' म्हटले की वाचकाला पुढे 'याप्रकरणी गुन्हा दाखल' असेच ऐकू येते. 'जवळ ठेवणे', 'खिशाला असणे' बरे. आणि धारेला 'काढू' नका. धार काढतात गाईची. हत्याराला धार लावतात, विळा-कोयता पाजळतात. 'परजणे' म्हटले तर समोरच्याला तलवार उगारलेली दिसेल.

बोरूबहाद्दर :
'कलमतराश' शब्द अस्सल आहे, फारसीतून आलेला. कलम म्हणजे लेखणी, तराश म्हणजे तासणारा. इंग्रजी 'पेननाइफ'चा अर्थही नेमका तोच, पिसाची लेखणी तासायचा चाकू. अर्थाने जुळतो, पण वस्तू जुळत नाही. इराणी आणि तुर्की कलमतराश बहुधा घडीचा नसतो. लांब, बारीक, काडीसारखी मूठ आणि पुढे बोटाच्या पेराएवढे पाते. इंग्रजी शब्द मात्र पुढे कुठल्याही छोट्या घडीच्या चाकूला चिकटला.

बोरू तासताना पाते बारीक का लागते हे लेखात दाखवा, मग शब्दाला वजन येईल. आधी बोरूच्या जाडीच्या दीडपट-दुप्पट लांबीचा तिरका काप घ्यायचा. मग आतला मऊ गर खरवडायचा. इथे रुंद पाते आत वळतच नाही आणि कडा फुटतात. दोन्ही बाजूंनी खांदे तासून टोक हव्या त्या रुंदीला आणायचे. मधोमध चीर द्यायची, तीही पाते दाबून नव्हे तर किंचित डुलवून, नाहीतर चीर धावत वर जाते आणि बोरू वाया. शेवटी टोक कठीण पृष्ठावर ठेवून एकाच दाबात छाटायचे. त्या छाटीला 'कत' म्हणतात. दोनदा दाबलात तर कत कुरतडल्यासारखा होतो आणि शाई दोन रेघांत उतरते.

माझे मत : लेखणीच्या चाकूला कलमतराश, बाकी सगळ्यांना 'खिशातला चाकू'. (चाकू हा शब्दही फारसी-तुर्कीच. सुरी मात्र संस्कृत क्षुरिकेची. त्यामुळे 'शुद्ध मराठी' कोणता या वादात पडू नका.)

कातरवेळ :
आणि 'स्लिम'?

अडकित्ता :
सडपातळ माणूस असतो. चाकूच्या बाबतीत दोन निरनिराळे गुण एका 'स्लिम'मध्ये कोंबलेले आहेत. जाडी कमी असेल तर 'चपटा', उदाहरणार्थ हिगोनोकामी किंवा अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचे, एका थराचे स्विस चाकू. टोकाकडे बारीक होत गेला तर 'निमुळता'. ओपिनेलच्या बारीक मालिकेचे फ्रेंच नाव 'एफिले' आहे, त्याचा अर्थ निमुळताच. एकूण बांध्याबद्दल बोलायचे तर 'शेलाटा' म्हणा. तो शब्द माणसाचा असूनही चाकूला शोभतो.

भागांची नावे : बोलस्टर म्हणजे 'शेंबी'. काठीच्या, मुसळाच्या टोकाला धातूचे बसवतात तीच. लायनरला 'अस्तर', शब्दशः बसते. वरच्या हाडाच्या-लाकडाच्या तुकड्यांना 'पट्ट्या'.

पोटभेद :
शेंबी म्हणजे कडे, पूर्ण वेटोळे. बोलस्टर दोन सुटे तुकडे असतात, दोन्ही अंगांना एकेक. थोडा ताण आहे.

अडकित्ता :
ताण आहे, मान्य. तरी काम तेच, टोकाशी लाकूड फुटू न देणे. आणि दुरुस्तीत शेंबी आहे की नाही हा फरक कळीचा आहे. पाते डावी-उजवीकडे हलायला लागले तर खिळा ठोकून बसवतात, अडकित्त्याचा बसवतात तसाच. चाकू पोलादी ठोकळ्यावर शेंबीच्या बाजूने टेकवायचा, गोल तोंडाच्या १००-१५० ग्रॅमच्या हातोडीने खिळ्याच्या डोक्यावर हलके तीन-चार ठोके द्यायचे, पाते उघडून-मिटून पाहायचे, मग उलट बाजू. बूड आणि अस्तर यांच्यामध्ये आधी ०.०५ मिमीचा पितळी पत्रा सरकवून ठेवला आणि नंतर ओढून काढला तर नेमकी तेवढी फट राहते. पत्रा न घालता ठोकत बसलात तर पाते आवळले जाते आणि कमानीची टक् ऐकू येईनाशी होते. ज्या चाकूला शेंबी नाही, खिळा थेट हाडाच्या पट्टीतून गेलेला आहे, त्याला हातोडी लावूच नका. खिळा फुगतो आणि पट्टी भोकापासून चिरते.

बोरूबहाद्दर :
'पॅटिना'बद्दल. विळी कैरी चिरून काळी पडते, तेच हे. स्वयंपाकघरात 'काळी पडली' म्हणतात आणि कुणी काळजी करत नाही. तांबूस झाली तरच घासतात. तर 'काळी झाक' आणि 'तांबडा गंज' अशी जोडी करा.

मुद्दाम झाक आणायची कृतीही द्या. पोलाद भांड्याच्या साबणाने धुऊन स्पिरिटने पुसायचे (बोटाचा तेलकट ठसा राहिला तर तिथे पांढरा डाग राहतो). मग फक्त पाते कोमट व्हिनेगरमध्ये १५-२० मिनिटे. सांधा बुडवायचा नाही, आम्ल कमानीखाली साचले की आतून गंज चढतो. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, कोरडे करा, तेलाचा हात फिरवा. स्टेनलेसवर यातले काही होणार नाही, वेळ घालवू नका.

तेल कोणते? सांध्याला औषधाच्या दुकानातले लिक्विड पॅराफिन. शेंगदाण्याचे किंवा जवसाचे तेल हळूहळू चिकट होऊन कमान जड करते, आणि खोबरेल २४ अंशांखाली थिजते.

पोटभेद :
जवसाचे तेल सांध्याला नको, लाकडाला चालेल. ओपिनेलची मूठ बीच लाकडाची. कोकणातल्या जुलैत ती फुगते आणि पाते खाचेत असे अडकते की नखाने निघत नाही. मिटलेल्या चाकूचे मागचे टोक टेबलाच्या कडेवर आपटले की पाते थोडे बाहेर येते. फ्रान्समध्ये या युक्तीला 'साव्हुआकराचा ठोका' अशा अर्थाचे नावच आहे. कायमचा इलाज असा : सर्क्लिप पक्कडीने (कडी फाकवायची पक्कड) कडे जेमतेम निघेल एवढेच फाकवून काढायचे (जास्त फाकवले तर पुन्हा पकडत नाही), १२० नंबरचा पॉलिश पेपर पातळ पट्टीला गुंडाळून खाचेच्या दोन्ही भिंती सारख्या घासायच्या, मग तेल पाजून आठवडाभर सुकू द्यायचे. भिजल्यावर लाकूड आधी थोडे आणखी फुगते, म्हणून लगेच पुन्हा घासायला घेऊ नका. उन्हाळ्यात तीच खाच ढिली पडेल. आणि जवसाच्या तेलाचे फडके चुरगळून डब्यात टाकू नका, आपोआप पेट घेते. पसरून वाळवा.

कातरवेळ :
'कमानीचा', 'चपटा/निमुळता', 'अस्तर' आणि 'काळी झाक' घेतले. 'शेंबी' अवतरणात ठेवतो. धार लावण्याचा कोन अंशांत लिहिला तर वाचकाला हाताशी काय येणार, एवढेच राहिले.

अडकित्ता :
मिलिमीटरमध्ये लिहा. पाते १५ मिमी रुंद असेल तर निसण्यावर त्याची पाठ ४ मिमी उचलली की साधारण १५ अंश, ५ मिमी उचलली की २०. पातळ कमानीच्या चाकूला १५ पुरे. लाकूड तासायचे असेल तर २०.